लसणाच्या शेतातले आजोबा

अधिक महिन्याला मालक नसतो. बाकीच्या बारा महिन्यांवर कोणी ना कोणी देव, पितर किंवा भूत नजर ठेवून असतं. हा तेरावा आला की सगळे रजेवर जातात. या महिन्यात घर मोडलं, कबर हलवली, तरी वर कुठे नोंद होत नाही, अशी गामगोल गावात समजूत आहे.

•

लसणाची पाकळी बूड खाली, शेंडा वर अशी लावायची. उलटी लागली तरी उगवते, पण कोंब वळसा घालून वर येतो आणि गड्डा वाकडा होतो. लावणारं माणूस दिवसभर उकिडवं असतं. गड्डा सरळ निघतो.

•

डॉक्टरांनी ओक-बुनच्या दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडात धरले आणि विचारलं, "काम काय करता?"

"लसूण."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्या सकाळचं ते चौथं 'लसूण' होतं. "पुढच्या लावणीला उकिडव्या बसलात तर पुन्हा उठता येणार नाही," ते म्हणाले आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

•

कबर हलवण्याची सूचना, तालुका कचेरी. मृताचं नाव: प्यो मान-सॉक. मृत्यूचं वर्ष: १९५१. अवशेषांची संख्या: एक. हलवण्याचं कारण: 'यंत्र'. (कारकुनाने ते खोडून 'कौटुंबिक' लिहिलं.)

•

थोरल्या जाऊबाईंचा फोनवर निरोप: "कबरीपुढे मांडायला भोपळ्याच्या चकत्या मी तळून आणते. मासाही आणते. गोमांसाच्या काड्या तू भाज. किती करायच्या ते यांना विचारू नकोस, ते वीस सांगतील."

•

गेल्या वर्षी लावणीला सात बायका मिळाल्या. सातजणींचं मिळून वय पाचशे एकसष्ट. यंदा पाच उरल्या. त्यातली एक म्हणाली, येईन, पण वाकणार नाही.

•

लसूण लावणीचं यंत्र, अर्धी किंमत सरकारची. भाजीपाला पिकवणाऱ्यांसाठीच्या यंत्रीकरण योजनेचा अर्ज.

रकाना ३, अर्जदार. ओक-बुनने सवयीने नवऱ्याचं नाव लिहिलं, मग खोडलं आणि स्वतःचं लिहिलं. त्रेसष्ट वर्षांत आपलं नाव आपणच लिहायची वेळ इतकी कमी आली होती की ते रकान्यात मावलं याचं तिला नवल वाटलं.

रकाना ९, शेत सलग आहे का. इथे ती अडली.

•

अधिक महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. पुढचा तीन वर्षांनी येणार होता.

वरच्या शेताच्या बरोबर मधोमध आजोबा होते. म्हणजे गवताचा एक गोल उंचवटा होता, त्यात ओक-बुनच्या नवऱ्याचे आजोबा होते. त्यांच्यामुळे शेताचे दोन तुकडे पडत, आणि योजनेच्या हिशेबात दोन्ही तुकडे लहान ठरत. ट्रॅक्टरमागे जोडायच्या यंत्राला सरळ लांब ओळी लागतात. ते आजोबांना वळसा घालू शकत नाही. गेली आडतीस वर्षं ओक-बुन घालत आली होती.

शेत तिचा नवरा जोंग-गाप आणि ती कसत. कागदावर ते थोरल्या दिराचं, जोंग-देचं. सत्तर वर्षांचा जोंग-दे शहरात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला होता, आणि अजूनही कुठेही उभा राहिला की समोर रांगा लागाव्यात अशा बेताने उभा राहायचा. शेतात यंत्र चालवायला मालकाची संमती लागते आणि संमतीवर सहीच्या जागी मालकाचा नोंदणीचा शिक्का. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, कातडी डबीत, तो शिक्का होता. दोन वर्षं ओक-बुनने त्या खिशाकडे पाहून काढली होती. शेवटी त्याने अट घातली: अधिक महिन्यात, रीतीप्रमाणे, सगळ्यांसमोर आजोबांना टेकडीवरच्या दगडी घुमटीत हलवायचं. मग शिक्का.

सकाळी सातला सगळे जमले. हाडं जाळून राख घुमटीत ठेवायची, त्यासाठी एक वाजता दहनगृहात वेळ मिळाली होती. या महिन्यात लोक लग्नाच्या हॉलपेक्षा जास्त धावाधाव त्या वेळेसाठी करतात. तीन वाजता तालुक्याहून अधिकारी शेत बघायला येणार होती.

खणायला तोक-पाल आला होता. कबरी हलवणं हाच त्याचा धंदा. या महिन्यात त्याने एक दिवस सुट्टी घेतली नव्हती आणि त्याच्या चेहऱ्यावरून हे सगळे मेलेले त्याच्याच मागे लागले आहेत असं वाटत होतं. त्याने खड्ड्याशेजारी पांढरा कागद अंथरला. डोकं वर, पाय खाली, हाडं जशी निघतील तशी माणसाच्या आकारात मांडायची.

आधी सगळ्यांनी उंचवट्यापुढे दोनदा वाकून नमस्कार केला. ओक-बुनचा दुसरा नमस्कार संपायला वेळ लागला. जोंग-गापने काखेत हात घालून तिला उठवलं.

"काही घाई नाही," जोंग-दे म्हणाला. "आजोबांनी चौऱ्याहत्तर वर्षं वाट पाहिली आहे."

"अधिकारी बाई तीनला येतात, भाऊजी," ओक-बुन म्हणाली.

तोक-पाल खणू लागला. कमरेइतकं खोल गेल्यावर फावडं ठेवून त्याने हाताने माती काढली आणि एक हाड वर धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"गुरुजी, आजोबा उंच होते का?"

"मध्यम," जोंग-दे म्हणाला.

"हं."

ते हाड त्याने कागदावर मांडीच्या जागी ठेवलं. कागद कमी पडला. मग आणखी एक निघालं.

"अंगाने जरा भरलेले होते?"

"आमचं शिकवणाऱ्यांचं घराणं. सगळे काटकुळे."

"हं."

जोंग-गाप खड्ड्याच्या काठाशी वाकला, मग सरळ झाला आणि आभाळाकडे बघत राहिला. ओक-बुन त्याला आडतीस वर्षं ओळखत होती. आभाळाकडे बघितलं की त्याला काहीतरी कळलेलं असतं आणि ते दुसऱ्या कुणीतरी बोलावं अशी त्याची इच्छा असते.

तोक-पालने दोन्ही हातांनी एक लांबट कवटी वर काढली आणि तिच्यावरची माती अंगठ्याने पुसली.

"गुरुजी, मनाला लावून घेऊ नका. आजोबांना वरचे पुढचे दात नाहीत."

"म्हातारपणी पडले असतील."

"पडले नाहीत. कधी आलेच नव्हते." त्याने कवटी वळवली. "आणि शिंगं आहेत."

खाली रस्त्यावरून मिरच्यांचा टेम्पो गेला.

"बैल आहे," जोंग-गाप म्हणाला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं वाक्य.

"गप्प बस."

"दादा, मी काय केलं? मी नुसतं..."

"गप्प बस म्हणतो ना."

मी-र्योंग, जोंग-देची बायको, सतरंजीवर डबे मांडत होती. तिने भोपळ्याच्या चकत्यांचं ताट हातातच ठेवलं. शहरातली, नीटनेटकी, नवऱ्यापुढे आवाज न चढवणारी अशी तिची घरात ख्याती होती. तिने खड्ड्यात पाहिलं, ताटात पाहिलं.

"माझं लग्न होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "दर शरदात पितरांच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी सहापासून तळत बसते. चव्वेचाळीस गुणिले सहा ताटं." ती थांबली. "बैलासाठी."

"मी-र्योंग, ही वेळ नाही."

"आणि दर वर्षी त्याच्यापुढे काय मांडलं आपण? काड्यांना लावून भाजलेलं गोमांस."

"काड्या झाका," जोंग-दे म्हणाला.

ओक-बुनने काड्या झाकल्या. तिला हसू येत नव्हतं. ती मनात वेळ मोजत होती. शेताच्या मधोमध आजोबा नाहीत; म्हणजे शेत सलग झालं. बैलासाठी कुठल्याही रकान्यात जागा नाही. तिला वाटलं, सुटलो.

"भाऊजी," ती म्हणाली, "मग आता अडचण काही उरली नाही. खड्डा बुजवू. शिक्का..."

"अडचण उरली नाही?" जोंग-दे तिच्याकडे वळला. "आजोबा इथे नाहीत, म्हणजे या शेतात दुसरीकडे कुठेतरी आहेत. आजवर तुम्ही बोटभर खोल पाकळ्या लावत होता, म्हणून बरं. ट्रॅक्टरची नांगरट किती खोल जाते?"

"दोन फूट," जोंग-गाप म्हणाला, आणि आपण हे का बोललो असा चेहरा केला.

"दोन फूट! माझ्या आजोबांच्या अंगावरून दोन फुटांची नांगरट फिरवायची, आणि त्याला मी शिक्का मारायचा? आजोबा सापडल्याशिवाय या शेतात यंत्र येणार नाही. तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आहे. तेव्हा बघू."

"तीन वर्षांनी मी कुठे असेन, भाऊजी?"

"इथेच. कुठे जाणार?"

"खरंच," ओक-बुन म्हणाली. "उठताच येणार नाही म्हटल्यावर जाणार कुठे."

मी-र्योंगने ताट खाली ठेवलं. "अहो, हाच बैल आजोबा आहे असं सांगितलं कुणी होतं तुम्हाला?"

"मला आठवतंय. बाबांचा हात धरून मी इथे आलो होतो. मोठा उंचवटा, डाव्या हाताला झाड."

"तेव्हा तुम्ही केवढे होता?"

"बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्याच शरदात घरातला थोरला म्हणून रीत मी केली."

"आठ वर्षांच्या पोराने बोट दाखवलं आणि बासष्ट वर्षं सगळ्यांनी मान तुकवली."

"घरातल्या थोरल्याचा शब्द होता तो!"

"हो ना," मी-र्योंग म्हणाली. "म्हणूनच."

तोक-पाल खड्ड्यातून बाहेर आला होता आणि टोपीने वारा घेत होता. "एक वाजता मग कोणाला न्यायचं?" त्याने विचारलं. मग स्वतःच फोन काढून दहनगृहाची वेळ रद्द केली. 'कारण'च्या जागी काय टाकावं हे त्याला कळेना. त्याने 'कौटुंबिक' टाकलं.

मी-र्योंग ओक-बुनजवळ आली. आडतीस वर्षांत ती पहिल्यांदाच धाकट्या जावेच्या कानाशी बोलत होती. "आईंना विचारलंय का कुणी?"

"आई कधी कबरीवर आल्याच नाहीत, जाऊबाई. त्यांच्या वेळी बायका येत नसत."

"म्हणूनच म्हणते, जा. मी यांना इथे धरून ठेवते."

"कशा?"

"चव्वेचाळीस वर्षांचं बरंच बोलायचं राहिलंय," मी-र्योंग म्हणाली.

•

रकाना १४. यंत्रामुळे वाचणारं मनुष्यबळ किती? (संख्या लिहा.)

ओक-बुनने तेव्हा लिहिलं होतं: एक.

•

माल्-सुन, सासूबाई, ब्याण्णव वर्षांच्या, ओसरीवर रताळ्याच्या देठांची साल काढत बसल्या होत्या. कमरेत त्या काटकोनात वाकलेल्या, उभ्या राहिल्या तरी जमिनीकडेच बघायच्या. चालताना नातवाची जुनी बाबागाडी ढकलायच्या. गामगोलमधल्या त्यांच्या वयाच्या बहुतेक बायका त्याच आकाराच्या होत्या. ते लसणाचं काम होतं.

ओक-बुनशी त्या फारसं बोलत नसत. लग्नानंतर पहिल्याच लावणीला त्यांनी हिच्या मागून जाऊन उलट्या लागलेल्या पाकळ्या एकेक उपसून सरळ केल्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. आडतीस वर्षं साधारण तशीच गेली होती.

"आई, वरच्या शेतात बैल निघाला."

"कुणाचा सुटला?"

"सुटला नाही. आजोबांच्या कबरीत निघाला."

सासूबाईंची बोटं थांबली नाहीत. देठाची साल लांब दोऱ्यासारखी निघाली.

"तांबडा," त्या म्हणाल्या.

"हाडं आहेत आई. रंग कसा कळणार?"

"तांबडाच. डावं शिंग आत वळलेलं असेल."

ओक-बुनने आठवून पाहिलं. वळलेलं होतं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच ओढला की. शेजारचे दोघे आणि मी. जोंग-दे पाठीशी बांधलेला, दोन वर्षांचा. अंगावर गाठी येऊन मेला, तेव्हा खायचा नाही म्हणून वरून हुकूम आला. सगळं गाव दोन दिवस तोंड पाडून बसलं होतं. मोठं जनावर, त्यामुळे माती वर आली. मग गवत उगवलं."

"आणि भाऊजी त्याच्यापुढे..."

"बाप जाऊन चाळीस दिवस झाले होते. बापाची टोपी घालून गेला. ती डोळ्यांवर येत होती. मी चुलीपुढे. परत आला आणि म्हणाला, आई, मी सगळं नीट केलं." त्यांनी पुढचं देठ घेतलं. "आता त्याला काय सांगायचं? म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू."

"मग?"

"पुढच्या वर्षीही तो नीटच करून आला."

अंगणात कोंबडी खोकल्यासारखा आवाज करून गेली.

"तो बैल गेल्यावर दोन हंगाम नांगर मी ओढला," सासूबाई म्हणाल्या. "हे मागून धरायचे, मी पुढे. तेव्हा त्या बैलापुढे कोणी वर्षातून दोनदा वाकलं तर मला काही वाईट वाटत नव्हतं."

"आई, मग आजोबा कुठे आहेत? भाऊजी शिक्का देत नाहीत. आजोबा सापडल्याशिवाय यंत्र नको म्हणतात. तीनला अधिकारी बाई येणार आहेत."

सासूबाईंनी मान कशीबशी वर केली आणि सुनेकडे पाहिलं. खरं तर तिथवर त्यांची मान जात नव्हती, ती गुडघ्यांपाशीच थांबली.

"तू बसत का नाहीस?"

"बसले तर उठता येत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात? बैलाचं."

सासूबाईंनी हे ऐकून घेतलं. तोंडात काहीतरी चघळल्यासारखं केलं.

"त्या यंत्राला गुडघे असतात का?"

"नाही. चाकं असतात."

"पाकळी उलटी लावतं?"

"कधी कधी."

"तूही लावायचीस." त्यांनी देठांची टोपली बाजूला सारली. "माझी गाडी आण."

•

बाबागाडी ढकलत वरच्या शेतापर्यंत पोचायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. ओक-बुन मागे चालत होती, तिला त्याहून घाई करता येत नव्हती. दोघी मिळून एक माणूसही वेळेवर पोचलं नसतं.

शेतात जोंग-दे झाडाखाली बसला होता, बऱ्याच दिवसांचा ताप उतरल्यासारखा. मी-र्योंगने आपलं बोलून संपवलेलं दिसत होतं. ती शांतपणे भोपळ्याची चकती खात होती. तोक-पालही खात होता. बैलाची हाडं कागदावर, कागदाबाहेर, जमतील तशी मांडलेली होती.

आईला बघून जोंग-दे उठून उभा राहिला. कबरीवरच्या रीतीला ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

"आई, तू कशाला आलीस? उन्हात?"

"तुझे आजोबा दाखवायला."

त्यांनी गाडी फिरवली. शेताच्या वरच्या टोकाला, बांधाच्या पलीकडे, जिथे जमीन ओढ्याकडे उतरते आणि जिथे कोणी काही लावत नाही, तिथवर गेल्या. शेताच्या हद्दीबाहेर पाच पावलं. ओक-बुनने ती पाच पावलं मनात मोजली.

"इथे," सासूबाई गाडी थांबवून म्हणाल्या.

"इथे?" जोंग-दे म्हणाला. "इथे तर काहीच उंचवटा नाही."

"पाण्याने वाहून गेला. उतार आहे."

"आई, तुला नक्की आठवतं?"

"मी बघितलं पुरताना. लढाई चालू होती, गावात गडीमाणूस नव्हतं. बायकांनीच पुरलं. थंडीने जमीन दगड झाली होती. डोकं उत्तरेला केलं, पाय ओढ्याकडे. पहिली मूठ माती मी टाकली."

"एक्कावन्नच्या हिवाळ्यात गेले आजोबा," जोंग-दे हळू आवाजात म्हणाला.

"हिवाळा होताच."

"आणि तू होतीस."

"होते म्हणते ना."

जोंग-दे आईकडे बघत राहिला. तिचं तोंड जमिनीकडे होतं, त्यामुळे त्याला फक्त पांढऱ्या केसांचा भांग दिसत असणार. त्याचे ओठ हलले, सहलीला निघताना मुलं मोजावीत तसे. मग हलायचे थांबले.

"तोक-पाल," तो म्हणाला, "इथे खणा."

तोक-पालने खणलं. गुडघाभर, मांडीभर, कमरेभर. काही निघालं नाही. दगड निघाले, झाडाची मुळं निघाली. मग तो वाकला, मूठभर माती घेतली, बोटांनी चोळली, वास घेतला.

"काळी माती आहे," तो म्हणाला. "ओल्या जागेत चौऱ्याहत्तर वर्षांत एवढंच उरतं. हाडं राहत नाहीत, मातीचा रंग तेवढा राहतो. आमच्यात हे चालतं, गुरुजी. हेच आजोबा."

ओक-बुन काठावर उभी होती. ती माती तिला आजूबाजूच्या मातीपेक्षा काही फार काळी वाटली नाही. पण त्या मातीत आडतीस वर्षं बोटं घालणाऱ्या बाईला याबद्दल कोणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही.

"किती घ्यायची?" तोक-पालने विचारलं.

"आजोबा मध्यम होते," जोंग-दे म्हणाला.

तोक-पालने दोन ओंजळी घेतल्या, नवीन कागदात नीट घड्या घालून गुंडाळल्या आणि वर दोरा बांधला. जोंग-देने ती पुडी दोन्ही हातांत घेतली आणि तिच्याकडे बघताना त्याचा चेहरा एकदम आठ वर्षांचा झाला. त्याने पुडी सतरंजीवर ठेवली. मी-र्योंगने न सांगता झाकण काढून काड्या पुढे सरकवल्या. खऱ्या आजोबांना त्या पहिल्यांदाच मिळत होत्या. सगळे दोनदा वाकले. सासूबाईंना वाकायची गरज पडली नाही.

दुसऱ्या नमस्काराच्या मध्यावर मागून आवाज आला, "प्यो यांचं वरचं शेत हेच का?"

तालुक्याची अधिकारी होती, तिशीतली, उन्हाची टोपी, हातात टॅबलेट. ती नमस्कार संपेपर्यंत थांबली. मग शेतातून चालत गेली, मधल्या खड्ड्यापाशी उभी राहिली आणि कागदावरच्या हाडांकडे, शिंगांसकट, पाहिलं.

"हा अडथळा?"

"होता," ओक-बुन म्हणाली.

"आता?"

"आता नाही. खड्डा संध्याकाळपर्यंत बुजतो."

"सूचनेत एक अवशेष लिहिलाय."

"तो तिकडे आहे," मी-र्योंग सतरंजीकडे बोट करून म्हणाली. "हा वेगळा."

अधिकारी बाईंनी थोडा विचार केला. तिच्या टॅबलेटवर याला रकाना नसावा. "शेताच्या हद्दीत दुसरी एखादी कबर आहे का? मालकांनी सांगायचं असतं."

सगळ्यांनी जोंग-देकडे पाहिलं. जोंग-देने आईकडे पाहिलं. माल्-सुन बाबागाडीच्या दांड्याला धरून जमिनीकडे बघत होत्या, काहीतरी तपासत असल्यासारख्या.

"नाही," जोंग-दे म्हणाला. "माझ्या आईने स्वतः पाहिलंय."

"मग संमतीपत्र?"

त्याने आतल्या खिशातून कातडी डबी काढली. ओक-बुनने कागद पुढे केला. टेकायला काही नव्हतं, तेव्हा जोंग-गापने पाठ वाकवली आणि थोरल्या भावाने त्याच्या पाठीवर कागद ठेवून शिक्का दाबला. बराच वेळ दाबून धरला. उचलला तेव्हा लाल गोल स्वच्छ उमटला होता, एकही अक्षर फुटलं नव्हतं.

"निकाल महिनाभरात कळवतो," अधिकारी म्हणाली. "शेताची काही अडचण नाही." तिने तीन फोटो काढले. तिसऱ्यात जोंग-गापची पाठ अजून वाकलेलीच आली.

ती गेल्यावर जोंग-दे म्हणाला, "बैलाचं काय करायचं?"

"झाडीत नीट पुरतो," जोंग-गाप म्हणाला. "दादा, उंचवटा करू?"

"नको," जोंग-दे म्हणाला. मग थोड्या वेळाने, "लहानसा कर."

मी-र्योंगने उरलेल्या चकत्यांतल्या तीन वेगळ्या काढून ठेवल्या.

ओक-बुन सासूबाईंना घेऊन निघाली. बांधावरून उतरताना गाडीचं चाक अडकलं. दोघींनी मिळून ते ओढलं. सासूबाई म्हणाल्या, "लावणी कधी?"

"दोन महिन्यांनी."

"मी बघायला येईन. मागून. उलट्या लागल्या तर सांगेन त्याला."

माल्-सुन लग्न होऊन गामगोलला आल्या त्या १९५४ सालच्या मार्चमध्ये. त्याआधी त्यांनी हे गाव पाहिलेलं नव्हतं.